मनोविकार आणि फेरतपासणी

पाय गमावलेल्या माणसाची अपंगता तपासणाऱ्याच्या डोळ्यांस दिसते; मनाच्या विकाराचे तसे नाही. सिल्वासातील डोकमर्डीचा एखादा स्किझोफ्रेनियाचा रुग्ण घ्या. कारखान्यातील पाळी झेपेना म्हणून तो घरी बसलेला. फेरतपासणीच्या दिवशी आई त्याला वेळेवर औषध देते, आंघोळीस बसवते, धुतलेला सदरा घालावयास लावते. डॉक्टरांपुढे तो नावगाव नीट सांगतो आणि चारचौघांसारखा दिसतो. आईचे कष्ट मात्र त्या खोलीत कोणास दिसत नाहीत.

फेरतपासणी म्हणजे संशय नव्हे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य केलेल्या 21 प्रकारांत मानसिक आजार येतो. ज्या अपंगतेचे प्रमाण पुढेमागे बदलण्याचा संभव असतो, तिच्या प्रमाणपत्रावर मुदत घालावी, असे 2017 चे नियम सांगतात. चढउतार हा तर मनोविकाराचा स्वभावच होय.

मोजले जाते ते रोगाचे नाव नव्हे, तर दैनंदिन व्यवहार. स्वतःची निगा, माणसांशी संबंध, संभाषण व आकलन, आणि काम, या चार बाबींना प्रत्येकी शून्य ते 4 गुण. शिवाय आजार किती वर्षांचा, त्याचे 1 ते 4. गुण जितके अधिक तितकी अपंगता मोठी. एकूण 20 पैकी 7 गुण झाले की 40 टक्क्यांची रेषा गाठली जाते. म्हणजे काठावरच्या माणसाचा एक गुण कमी झाला, तरी सवलती जातात. केंद्राच्या अपंग निवृत्तिवेतनाची अट याहून कडक, 80 टक्क्यांची आहे. तीही दारिद्र्यरेषेखालील कुटुंबासाठी. केंद्राकडून मिळतात महिन्याला 300 रुपये. रक्कम तुटपुंजी खरी, पण ज्या घरात औषधाचाच खर्च जड, तेथे तीही मोलाची.

म्हणून ‘आता कसे आहे?’ या प्रश्नास ‘बरे आहे’ एवढेच उत्तर देऊ नये. आंघोळीस किती वेळा सांगावे लागते, बाजारात एकटे जाववते काय, कोणते काम किती दिवसांत सुटले, हे रोज राबणाऱ्या माणसाने सोबत जाऊन सांगावे. केवळ रुग्णाशी बोलून हे मापन पुरे होत नाही. घरच्यांची माहिती आणि जुने कागद त्यात धरावयाचे असतात. श्री विनोबा भावे रुग्णालयातील असोत वा अन्यत्रचे, उपचारांचे सारे कागद तारीखवार लावून ठेवावेत. घरी एक वही असावी, वाईट दिवसांची नोंद करण्यासाठी. आजारी दिसावे म्हणून औषध बंद करणे हा मात्र घातक वेडेपणा होय. त्यातून उलटलेला आजार महिनोन्‌महिने आटोक्यात येत नाही.

अर्ज मुदत संपण्यापूर्वीच करावा. प्रमाणपत्र नाकारले गेल्यास कारणे लेखी मागून घ्यावीत. कायद्याच्या 59 व्या कलमान्वये त्या निर्णयावर अपील करता येते. अपिलाची मुदत त्याच दिवशी कचेरीत विचारून घेतलेली बरी.