क्यूब विकताय? आधी त्याची अक्षरं वाचायला शिका

डब्यातला कागद कळला नाही की गिऱ्हाईक म्हणतं, "क्यूबच खराब आहे." म्हणून काउंटरवरच समजावा. आर उजवी बाजू, एल डावी, यू वरची, डी खालची, एफ समोरची, बी मागची. नुसतं अक्षर म्हणजे घड्याळाच्या दिशेने पाव फेरा. शेजारी वर छोटी रेघ असेल तर उलटा, २ असेल तर अर्धा फेरा.

गोची इथे होते बघा: घड्याळाची दिशा त्या त्या बाजूकडे तोंड करून धरायची. म्हणून आरला समोरचा उजवा रकाना वर जातो, एलला डावा खाली येतो.

आता जुळलेला क्यूब घ्या. आर, यू, उलटा आर, उलटा यू. असं सहा वेळा. क्यूब पुन्हा जुळलेला! हे गिऱ्हाइकाच्याच हातून करून घ्या, तुम्ही करू नका.