तापाच्या माणसापाशी मांजर का बसतं?

लेखमाला : घरातली मुकी माणसं – लेखांक ६

मागच्या लेखांकात मांजराच्या शेपटीची आणि कानांची भाषा पाहिली. त्यावर बहुतेक वाचकांचा प्रश्न एकच होता : घरात कुणी आजारी पडलं की मांजर त्याला सोडत नाही, ते का?

पावसाळ्यात कोल्हापुरात घरोघरी तापाचे पेशंट असतात. एरवी कौलांवर भटकणारी मनी अशा वेळी गोधडीत शिरून पायथ्याशी पडून राहते. 'तिला कळतं,' असं घरचे म्हणतात. कळतं हे खरंच. पण तिला आजाराचं नाव कळत नाही, माणसात झालेला बदल कळतो.

पहिला बदल उबेचा. मांजराच्या अंगाचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. भोवतालची हवा ३० अंश सेल्सिअसच्या खाली गेली की ऊब टिकवायला त्याच्या शरीराला जादा कष्ट पडतात. आपल्याकडच्या पावसाळी हवेत ते सतत उबेच्या शोधात असतं. तापानं फणफणलेला, दिवसाही न हलता पडून असलेला माणूस त्याला हवाच असतो.

पण सगळं उबेवर ढकलणं मांजरावर अन्याय करणारं आहे. अमेरिकेतल्या मोरिया गॅल्वन आणि जेनिफर व्हॉन्क यांनी २०१६ मध्ये १२ मांजरांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. मालकाचा चेहरा हसरा असताना मांजरं त्याच्याजवळ जास्त रेंगाळली, कपाळाला आठ्या असताना कमी. अनोळखी माणसाच्या बाबतीत हा फरक जवळजवळ दिसला नाही. म्हणजे आपला चेहरा ती रोजच्या सहवासातून वाचायला शिकतात. इटलीतल्या बारी विद्यापीठात तर घाबरलेल्या माणसाच्या घामाचा वास घेऊन मांजरं अस्वस्थ झालेली दिसली. घरातली काळजी मांजरापर्यंत वासानंसुद्धा पोचते.

झुरिचच्या डेनिस टर्नर आणि गेरुल्फ रीगर यांचं निरीक्षण मला सगळ्यात मोलाचं वाटतं. त्यांनी एकट्या राहणाऱ्या माणसांचा आणि त्यांच्या मांजरांचा अभ्यास केला. माणूस खिन्न आहे म्हणून मांजर आपणहून जास्त जवळ येत नव्हतं. पण त्या माणसानं जवळ घेतलं की डोकं आणि अंग जास्त घासत होतं. पहिला हात आपण पुढे करायचा असतो.

ऱ्होड आयलंडमधल्या एका शुश्रूषागृहातला ऑस्कर नावाचा बोका मरणासन्न रुग्णांपाशी जाऊन बसे, असं डॉ. डेव्हिड डोसा यांनी २००७ मध्ये लिहिलं. ही हकीकत जगभर गाजली. पण ती एका बोक्याची आहे, नियम नव्हे. मनी आजीच्या उशाशी बसली म्हणजे काही वाईट होणार, या भीतीला कसलाही आधार नाही. तिला तिथून हाकलू नका. फक्त पेशंटची प्रतिकारशक्ती फार कमी झाली असेल तर डॉक्टरांना विचारून घ्या.

या नात्याची दुसरी बाजू मात्र आपण विसरतो. ओहायो राज्य विद्यापीठाच्या २०११च्या अभ्यासात, सांभाळणारा माणूस किंवा रोजचा क्रम बदलला की धडधाकट मांजरंही कमी खाऊ लागली, ओकू लागली, ठरलेली जागा सोडून घाण करू लागली. कोल्हापुरातल्या २०१९च्या महापुरात मांजरांसह घर सोडावं लागलेल्यांनी त्या दिवसांतलं त्यांचं वागणं आठवून पाहावं. घरातलं माणूस सीपीआर रुग्णालयात दाखल झालं, सगळ्यांच्या फेऱ्या सुरू झाल्या, की मांजराच्या बाबतीतही तेच घडतं. त्याला खोड म्हणून मारू नये.

अशा दिवसांत घरातल्या एकानं मांजराच्या जेवणाची वेळ सांभाळावी आणि त्याची अंथरायची जागा हलवू नये. दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या, त्यातही लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साचून जिवावर बेतू शकतं. म्हणून एक दिवस त्यानं अन्नाला तोंड लावलं नाही, तर वाट न पाहता जनावरांच्या डॉक्टरकडे घेऊन जा.