लोखंडी खेचराचा चारा

गोष्टीतली यंत्रं : भाग नववा

परग्रहावर उतरलेल्या पथकामागून विज्ञानकथेत एक चार पायांचं यंत्र हमखास चालत येतं. पाठीवर तंबू, प्राणवायूची नळकांडी, दगडांचे नमुने. ते दमत नाही, बुजत नाही, घसरलं तरी सावरून उभं राहतं. खातं काय, हे मात्र लेखक सहसा सांगत नाही. खरं यंत्र बनवणाऱ्यांचा घाम नेमका तिथेच निघाला आहे.

ज्यूल व्हर्नने निदान बॉयलर तरी दाखवला. त्याच्या १८८० सालच्या 'द स्टीम हाउस' या कादंबरीत वाफेवर चालणारा पोलादी हत्ती चाकांवरची दोन घरं ओढत कलकत्त्याहून उत्तरेकडे निघतो. कथेची सुरुवात होते आपल्या औरंगाबादेत, नानासाहेब पेशव्यांच्या डोक्यावर लावलेल्या इनामाच्या जाहीरनाम्याने, आणि थोड्याच पानांत आपण वेरूळच्या लेण्यांत पोचतो. (व्हर्नने नानासाहेबांना सरळ खलनायक केलं आहे. मराठी वाचकाला ते खटकणारच.) हत्तीच्या पोटात आग आहे म्हटल्यावर लाकूड आलं, पाणी आलं, ते मिळेल तिथे थांबणं आलं.

आता खऱ्या यंत्रांकडे, पुण्याजवळच्या दिघीत येऊ. आळंदी रस्त्याने माउलींची पालखी दरवर्षी पुण्याकडे जाते, त्याच रस्त्यावर डीआरडीओची लष्करी अभियांत्रिकीची प्रयोगशाळा आहे. 'दक्ष' इथलाच. बॉम्ब निकामी करणारा हा दूरनियंत्रित रोबो २०११ मध्ये लष्कराकडे गेला. वजन सुमारे ३५० किलो, चाकांवर चालतो, जिने चढतो, संशयित पिशवीचा एक्स-रे काढतो आणि पाण्याच्या जोरदार झोताने बॉम्ब निकामी करतो. चालवणारा ५०० मीटर लांब सुरक्षित उभा. एकदा चार्ज केला की साधारण तीन तास काम. बॉम्बशोधक पथकाला तीन तास पुरतात, कारण त्यांची गाडी जवळच उभी असते. ओझ्याच्या जनावराचं तसं नसतं. गाडी जिथे थांबते, तिथून त्याचं काम सुरू होतं.

असं जनावर पुणेकरांनी पाहिलं ते दिघीपासून फार लांब नसलेल्या खडकीत. १५ जानेवारी २०२५ रोजी सेनादिनाचं संचलन बॉम्बे इंजिनिअर ग्रुपच्या मैदानावर झालं आणि त्यात रोबो-खेचरांची रांग चालली. लष्कराने अशी १०० यंत्रं घेतल्याच्या बातम्या आहेत. उणे ४० ते अधिक ५५ अंश तापमानात ती चालतात, पायऱ्या आणि खडकाळ चढ चढतात. आता वजनं पाहा. यंत्र स्वतः ५१ किलोच्या आसपास, पाठीवर घेतं १२ ते १५ किलो. लष्कराचं हाडामांसाचं खेचर डोंगरात सत्तर किलोच्या आसपास नेतं.

ही तफावत कारागिरीची नाही, चाऱ्याची आहे. लिथियम बॅटरी किलोमागे साधारण २०० वॉट-तास ऊर्जा साठवते, पेट्रोल सुमारे १२,०००. इंजिनाने त्यातली तीन चतुर्थांश उष्णतेत घालवली तरी पेट्रोल दसपटीहून पुढे. मग पेट्रोलच भरा की! तेही करून झालं. बोस्टन डायनॅमिक्सने २००५ मध्ये अमेरिकी लष्करासाठी 'बिगडॉग' उभा केला, पुढे त्याचा थोरला भाऊ 'एलएस-३' सुमारे १८० किलो वाहू लागला. पण इंजिनाचा आवाज एवढा की लपूनछपून निघालेली तुकडी शत्रूला आधी ऐकू यायची. २०१५ मध्ये प्रकल्प बाजूला ठेवला गेला. म्हणजे बॅटरी घ्यावी तर ओझं उचलत नाही, इंजिन घ्यावं तर बोंब ठोकत जातं.

चालण्याचा खर्च समजतो, पण पाय असलेलं यंत्र नुसतं उभं राहायलाही खर्च करतं. गुडघे किंचित वाकवून उभं असताना प्रत्येक सांध्यातली मोटर भार तोलून धरते. हालचाल शून्य, तरी वीज वाहत असते आणि मोटर तापते. म्हणून काम नसलं की हे रोबो पोटावर बसवतात. घोड्या-खेचरांच्या मागच्या पायात याला तोड आहे. गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडावरच्या उंचवट्यात अडकते आणि कडी घातल्यासारखा पाय ताठ राहतो, स्नायूंवर जवळजवळ ताण न येता. म्हणून ही जनावरं उभ्या उभ्या झोप काढतात. अशी कडी प्रत्येक सांध्यात बसवायची तर वजन वाढतं, आणि पाय निसटला तर ती क्षणात सुटली पाहिजे.

ओझ्याच्या जनावराचा हिशेब आपल्याकडे लमाणांच्या तांड्यांना चांगला कळला होता. बैलांच्या पाठीवर गोण्या टाकून त्यांनी मुघल, मराठे, इंग्रज, सगळ्यांच्या छावण्यांना धान्य आणि मीठ पुरवलं. चाल अगदी संथ, पण बैल वाटेतल्या माळांवर चरत जात, त्यामुळे चाऱ्याचा खर्च जवळजवळ नाही. त्याची दुसरी बाजू दुष्काळात दिसे. माळ करपले की बैल चालत नसत, आणि जिथे धान्य सर्वात जास्त हवं तिथेच ते पोचत नसे. रोबो-खेचराला दुष्काळ नाही, पण त्याला माळही नाही.

तरी १२ किलो म्हणजे काहीच नाही असं मी म्हणणार नाही. औषधं, रेडिओच्या बॅटऱ्या, उष्णता टिपणारा कॅमेरा एवढ्यात बसतो. शिवाय जिथे गोळी येऊ शकते त्या वळणापलीकडे आधी यंत्र पाठवलं, तर ते काय वाहतं यापेक्षा काय पाहून येतं याला मोल आहे. सध्या त्याची खरी नोकरी टेहळणीची आहे. खेचर हे नाव थोडं घाईने दिलेलं वाटतं.

आणि चार्जिंग? खडकीच्या मैदानाजवळ प्लग सापडतो. रस्ता संपल्यावर तीन तास चढून गेलेल्या चौकीवर ऊन नसेल त्या आठवड्यात जनरेटर लावावा लागतो, जनरेटरला डिझेल लागतं, आणि ते डिझेलचे डबे वर न्यायला खेचरंच लागतात, गवत खाणारी.