दीड इंचाचा प्ले

मोकळ्या महामार्गावर शंभर किलोमीटर जाताना क्लच जितक्या वेळा दाबावा लागतो, त्याहून जास्त वेळा तो वसई खाडीच्या पुलाअलीकडच्या एका कोंडीत दाबला जातो. 2023 मध्ये याच खाडीवर वर्सोव्याचा नवा पूल खुला झाला. तरीही घोडबंदरकडे वळणारी वाहने, चिंचोटीहून कामणमार्गे भिवंडी गाठणारे कंटेनर आणि वालीव, सातिवली, गोखिवऱ्याच्या औद्योगिक वसाहतींतून निघणारे टेम्पो एकाच मुंबई-अहमदाबाद रस्त्यावर गर्दी करतात. या रस्त्याच्या काँक्रिटीकरणाच्या काळात तर रांगांना अंतच नसायचा. भरलेला ट्रक दहा फूट सरकतो, थांबतो, पुन्हा सरकतो. क्लच प्लेट लवकर गेली की दोष कधी कोंडीला दिला जातो, कधी जादा मालाला, कधी चालकाच्या पायाला. हे तिन्ही दोष खरे असतात. पण त्यांच्याही आधी एक साधी गोष्ट तपासायला हवी आणि तीच बहुधा कोणी तपासत नाही: पेडलचा प्ले. गेअरबॉक्स खाली घेण्याची वेळ आली की क्लचची आठवण होते. खरे तर ती ऑइल बदलताना, हवा तपासताना, दर वेळी व्हायला हवी.

पेडलवर बोट ठेवून दाबले तर सुरुवातीची चाल पोकळ जाते आणि मग एकदम जडपणा लागतो. ही पोकळ चाल म्हणजे प्ले. मोठ्या ट्रकांत ती साधारण इंच-दीड इंच असते. नेमका आकडा गाडीगणिक वेगळा, तो कंपनीच्या पुस्तिकेतूनच घ्यायचा. आत पाहिले तर रिलीज बेअरिंग आणि प्रेशर प्लेटच्या फिंगर यांच्यात दोन-तीन मिलिमीटरचीच फट असते. फोर्क आणि पेडल यांच्या तरफेमुळे ती पायाशी येईपर्यंत इंचात मोजण्याइतकी होते. बहुतेक यंत्रांत झीज झाली की ढिलाई वाढते. क्लचमध्ये नेमके उलटे घडते आणि सगळा गैरसमज इथूनच सुरू होतो. क्लच प्लेट फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये दाबलेली असते. तिचे लाइनिंग पातळ झाले की प्रेशर प्लेट तेवढी फ्लायव्हीलकडे सरकते आणि फिंगरची दुसरी टोके मागे, बेअरिंगच्या दिशेने कलतात. फट आपोआप मिटत जाते. ती पूर्ण मिटली की पेडलवर पाय नसतानाही बेअरिंग फिंगरवर टेकून राहते, म्हणजे क्लच दिवसभर किंचित दाबलेलाच राहतो. प्लेटवरची पकड सैल पडते, भार आला की ती घसरते, घसरली की तापते आणि तापली की आणखी झिजते. फक्त क्लच दाबल्यावर फिरण्यासाठी घडवलेले बेअरिंग सकाळपासून रात्रीपर्यंत फिरत राहते. इतके सगळे नुकसान होते ते मूठभर लोखंडातल्या एका कागदी पॅडइतक्या फटीपायी.

प्ले जास्त झाला तर रोग वेगळा. पेडल तळाला टेकले तरी प्लेट पूर्ण सुटत नाही. पहिला आणि रिव्हर्स गेअर टाकताना कर्रकर्र आवाज येतो आणि गेअरबॉक्समधल्या दात्यांची धार जाते. कोंडीत याचा धोका फार मोठा. पुढे हातभर अंतरावर दुचाकी उभी आहे, चालकाने क्लच पूर्ण दाबला आहे आणि ट्रक तरीही पुढे रेटतो आहे. अशा वेळी सगळी भिस्त ब्रेकवर येते.

पेडल रॉडच्या लिंकेजने जोडलेले असलेल्या गाडीत प्ले बरोबर करण्याचे काम पानाभर कौशल्याचे आहे. चाकाला उटी लावायची, इंजिन बंद करायचे, पेडलशेजारी जमिनीवर फूटपट्टी उभी धरायची. पेडल सुटे असतानाची उंची पाहायची, मग पायाने नव्हे, हाताने हलकेच दाबून जडपणा लागतो तिथली उंची पाहायची. दोन्हींतला फरक म्हणजे प्ले. पायाच्या जोरात ती सीमा कळतच नाही, म्हणून हात. मग रॉडवरचा लॉकनट सैल करायचा, ॲडजस्टिंग नट थोडा थोडा फिरवायचा, पेडल पाच-सहा वेळा पूर्ण दाबून सोडायचे आणि पुन्हा मोजायचे. चांगला मिस्त्री लॉकनट आवळल्यावरही एकदा मोजतो, कारण आवळताना रॉड जरासा फिरतो. शेवटी इंजिन सुरू करून क्लच दाबायचा, चार-पाच सेकंद थांबायचे आणि रिव्हर्स टाकायचा. आवाज न होता पडला तर प्लेट नीट सुटते आहे.

यावर पहिला आक्षेप असा की चालक पेडलवर पाय ठेवून गाडी चालवत असेल, हाफ क्लचवर चढ धरत असेल, तर ॲडजस्ट करून उपयोग काय? पण पेडलवर विसावलेला पाय नेमका तोच प्ले खातो. योग्य प्ले असेल तर अशा विसावलेल्या पायाचा काही भार त्या मोकळ्या चालीतच जिरतो. प्ले नसेल तर तो थेट प्लेटवर जातो. घोडबंदर रस्त्यावरच्या गायमुखच्या घाटात हाफ क्लचवर उभा राहिलेला ट्रक प्लेट जाळणारच, त्यावर हॅण्डब्रेक हाच उपाय. पण चालकाची सवय सुधारेपर्यंत मोजमाप थांबवण्याचे कारण मला दिसत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आता बहुतेक ट्रकांत हायड्रॉलिक क्लच आहे, 1 एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-सहा गाड्या तर नव्याच. अनेकांत झीज आपोआप भरून निघते, मग ॲडजस्ट काय करायचे? अशा गाड्यांत नट फिरवायचे काम खरोखर कमी झाले आहे, हे मान्यच करावे लागेल. पाहण्याचे काम मात्र उरतेच. मास्टर सिलिंडरच्या पुशरॉडला थोडा प्ले लागतोच. नसला तर तेल मागे परतत नाही आणि दाब अडकून क्लच अर्धवट दाबलेला राहतो. पेडल स्पंजासारखे लागले तर सिस्टीममध्ये हवा शिरली आहे. ती काढायची असते. रॉड लांबवून ते लपवायचे नसते. बूस्टरच्या गाडीत पेडल एकाएकी जड झाले तर आधी टाकीतला हवेचा दाब पाहावा. झीज आपोआप भरणाऱ्या रचनेत आणखी एक खूण मिळते: ब्रेकचे लाइनिंग झिजले की तेलाची पातळी उतरते, इथे प्लेट झिजेल तसा स्लेव्ह सिलिंडरचा पिस्टन आत ढकलला जातो आणि पातळी किंचित चढते. पातळी चढलेली पाहून खूश होणाऱ्याला हे माहीत असायला हवे.

नट फिरवून मेलेली प्लेट जिवंत होत नाही, हेही तितकेच खरे. वरच्या गेअरमध्ये ॲक्सिलरेटर दिल्यावर इंजिन गुरगुरते पण वेग वाढत नाही, जळका वास येतो आणि प्ले बरोबर आहे, अशा वेळी गेअरबॉक्स उतरवायलाच हवा. 'तात्पुरता टाइट करून द्या' म्हणणाऱ्याला सरळ नकार देणारा मिस्त्री गिऱ्हाईक गमावतो, पण बरोबर करतो.

राहता राहिला वेळेचा प्रश्न. ट्रक मालकाचा, फेरी चालकाची आणि बिल तिसऱ्याचेच, अशा व्यवस्थेत पंधरा मिनिटे कोणाच्या खात्यात धरायची, हे कोणी ठरवत नाही. टायर कधी बदलला हे वहीत तारखेनिशी लिहिलेले असते. प्लेचा आकडा लिहिलेली वही सहसा सापडत नाही. तो आकडा दर महिन्याला लिहिला तर तो किती झपाट्याने घटतो आहे ते दिसेल, आणि भर रस्त्यात अडकण्याआधी, आठवड्याच्या सुट्टीला, गेअरबॉक्स कधी उतरवायचा ते मालकाला ठरवता येईल.