सही होण्याआधी

सकाळी ७.१०

आगगाडीत खिडकीशी जागा मिळाली की लॅपटॉप उघडायचा आणि रात्रीत आलेले मसुदे वाचायचे, हा माझा नेम. नेदरलँड्समधल्या एका विद्यापीठात मी संशोधनाचे करार पाहते. एलएल.बी. पुण्यातली, पुढचं शिक्षण इकडचं. कामाचा मोठा हिस्सा होरायझन युरोपचा, म्हणजे युरोपीय संघाच्या २०२१ ते २०२७ या सात वर्षांच्या संशोधन कार्यक्रमाचा. सुरुवातीची तरतूद सुमारे ९५.५ अब्ज युरोंची. लोकांचा एवढा पैसा वाटायचा म्हटल्यावर नियम आलेच.

आजचा मसुदा पाण्याच्या प्रकल्पाचा आहे. नदीच्या पाण्यातले जड धातू काठावरच मोजता यावेत असा सेन्सर बनवायचा आहे. समन्वयक म्हणून जर्मनीतली एक संशोधन संस्था, मग आम्ही, पोर्तुगालमधली एक छोटी कंपनी, हंगेरीतलं एक विद्यापीठ आणि पुण्याची एक प्रयोगशाळा. नियम सांगतो की किमान तीन स्वतंत्र संस्था हव्यात, तिन्ही वेगवेगळ्या सदस्य किंवा सहयोगी देशांतल्या, आणि त्यांतली एक तरी सदस्य देशातली. हंगेरी आणि पुणे विनाअनुदान असल्याने त्यात धरले जात नाहीत, आमची मोजणी जर्मनी, नेदरलँड्स आणि पोर्तुगाल यांच्यावरच पुरी होते. पोर्तुगालची कंपनी उठून गेली तर प्रकल्प उभाच राहत नाही, हे त्या कंपनीला पक्कं ठाऊक आहे. वाटाघाटीत त्यांचा आवाज त्यांच्या आकारापेक्षा मोठा का, याचं उत्तर एवढंच.

८.३०

कचेरीत पोचल्यावर पहिलं काम पोर्टलचं. प्रत्येक संस्थेचा नऊ आकडी ओळख क्रमांक, संस्थेतर्फे नेमलेला अधिकृत प्रतिनिधी, सही करण्याचा अधिकार कोणाला, या नोंदी एकदा नीट डोळ्यांखालून घातल्या की पुढचे दोन महिने सुखाचे जातात. विद्यापीठांना आणि सार्वजनिक संस्थांना लिंगसमानतेचा आराखडाही लागतो. तो नसेल तर अनुदान-करारावर सही होत नाही. आमचा आहे, जर्मनांचा आहे.

हंगेरीची अडचण वेगळी. २०२२ च्या डिसेंबरमध्ये युरोपीय संघाच्या परिषदेने ठरवलं की हंगेरीतले सार्वजनिक हिताचे न्यास, आणि ते चालवत असलेल्या संस्था, यांच्याशी युरोपीय पैशाचे नवे करार करायचे नाहीत. तिथली बरीच विद्यापीठं अशा न्यासांकडे गेलेली आहेत. आमच्या प्रकल्पातलं त्यांपैकीच एक. तिथली रसायनशास्त्रज्ञ बाई उत्तम काम करते. युरोपीय संघाच्या तिच्या सरकारशी चाललेल्या भांडणाची झळ तिच्या प्रयोगशाळेला बसते आहे. कायद्याच्या राज्यासाठी दबाव हवा, हे मला मान्य आहे, पण तो शेवटी कुणाच्या टेबलावर येऊन पडतो तेही पाहायला हवं. ती विनाअनुदान सहभागी म्हणून आली आहे. पुण्याची जागाही तीच, कारण मात्र निराळं. भारत कार्यक्रमाचा सहयोगी देश नाही आणि भारतीय संस्थांना अनुदान आपोआप मिळत नाही. भाग घेता येतो, पैसा आपला आपण आणायचा.

९.३०

पुण्यात दोन वाजलेत, जेवणं उरकलीत. घड्याळं पुढे व्हायला अजून आठवडा आहे, म्हणून अंतर साडेचार तासांचं.

पडद्यावर प्राध्यापक सर आणि त्यांच्या शेजारी पीएच.डी. करणारी विद्यार्थिनी.

"मॅडम, आम्हाला त्यांच्याकडून एक पैसा नाही. मग चाळीस पानांच्या करारावर आम्ही सही कशाला करायची?"

"सर, पैसा नाही म्हणूनच करायची."

हे मी आजवर अनेकांना समजावलं आहे आणि यापुढेही समजावत राहीन. अनुदान-कराराचा नमुना युरोपीय आयोगाचा असतो. त्यातला एक शब्दही आपण बदलून घेऊ शकत नाही. विनाअनुदान सहभागी त्या करारावर सही करत नाही, तरी नवव्या कलमाने त्याच्यावर कर्तव्यं येतात. काम नीट करा, गोपनीयता पाळा, नीतिनियम पाळा, नोंदी ठेवा, हे सगळं त्या यादीत आहे. सोळावं कलम, म्हणजे बौद्धिक संपदेचं, त्या यादीत नाही. कर्तव्यं पुण्यापर्यंत पोचतात, हक्क पोचत नाहीत. निष्कर्ष कुणाच्या मालकीचे, दुसऱ्याचं ज्ञान वापरायचं तर कुठल्या अटींवर, शोधनिबंध छापताना कोणी अडवू शकतं का, या सगळ्याची उत्तरं पुण्यासाठी एकाच कागदात असतात. तो कागद म्हणजे भागीदारांचा आपसातला करार, कन्सॉर्शियम करार. तो मात्र शब्दन्‌शब्द बदलता येतो, सही होईपर्यंत.

सर थोडा वेळ गप्प बसतात. मग म्हणतात, "परिशिष्ट एक उघडा."

परिशिष्ट एक हा तीन रकान्यांचा साधा तक्ता. पहिल्या रकान्यात, तुम्ही प्रकल्पात बरोबर घेऊन येता ते आधीपासूनचं ज्ञान, म्हणजे बॅकग्राउंड. दुसऱ्यात, प्रकल्पाचं काम करण्यासाठी ते वापरायच्या अटी. तिसऱ्यात, पुढे व्यवसायासाठी वापरायच्या अटी. पुण्याने पहिल्या रकान्यात लिहिलं होतं, ‘सेन्सरविषयक प्रयोगशाळेचं सर्व ज्ञान’. बाकीचे दोन्ही रकाने कोरे.

हेतू चांगला, म्हणजे आपलं सगळं आपल्या नावावर राहावं. परिणाम नेमका उलटा. कन्सॉर्शियम करारासाठी आम्ही वापरतो त्या डेस्का नमुन्यात या तक्त्यात जे लिहिलं त्यावर भागीदारांना वापराचा हक्क मागता येतो, जे लिहिलं नाही त्यावर नाही. ‘सर्व’ लिहिलं की सगळं कपाट उघडं. शिवाय कोरे रकाने म्हणजे आपली वेगळी अट काहीच नाही.

तासभर आम्ही त्या एकाच ओळीवर बसतो. ‘सर्व ज्ञान’ जातं. त्या जागी तीन नोंदी येतात. एक, इलेक्ट्रोडवरच्या लेपाची पद्धत, पेटंट-अर्जाच्या क्रमांकासह आणि तारखेसह. दोन, मुळा-मुठेच्या पाण्याच्या नमुन्यांचा माहितीसंच, अमुक तारखेपर्यंतचा. तीन, मोजणी जुळवून घेण्याचा संगणकीय कोड, त्याच्या आवृत्तीसह. तिसऱ्या रकान्यात लेपापुढे लिहितो, ‘व्यावसायिक वापर फक्त स्वतंत्र लेखी परवान्याने’. तारखा फार महत्त्वाच्या. दोन वर्षांनी लेप सुधारला, तर त्यातलं आधीचं किती आणि प्रकल्पात झालेलं किती, हे या तारखांवरूनच ठरणार.

विद्यार्थिनी विचारते, "कोडमध्ये एक ओपन सोर्स लायब्ररी आहे. तिचा परवाना लिहायचा का?"

लिहायचाच. सरांना सुचलं नव्हतं, मलाही तिथवर जायचं होतं, पण तिने आधी काढलं. कायदेशीर अडथळा किंवा मर्यादा असेल तर ती सही होण्याआधी भागीदारांना सांगावी लागते. तो दिवस उलटल्यावर सांगितलेल्या अडचणीला फारसं वजन राहत नाही.

११.१५

समन्वयकांची वकील आणि पोर्तुगालची कंपनी. लिस्बनला आमच्यापेक्षा एक तास कमी, तरी कंपनीच्या संचालकाच्या आवाजात झोप नाही.

त्याला दोन गोष्टी हव्यात. पहिली, निष्कर्षांवर एकट्याचा परवाना. दुसरी, कुणीही शोधनिबंध पाठवण्याआधी नव्वद दिवसांची नोटीस.

पहिल्याचा विचार करायला मी तयार असते. छोट्या कंपनीला गुंतवणूकदारापुढे काहीतरी ठेवावं लागतं. पण निष्कर्ष ज्याने काढला त्याचा, हे मूळ सूत्र. दोघांनी मिळून काढला आणि कोणाचं किती ते वेगळं करता येत नसेल तर सामाईक मालकी. तिथे वेगळं काही ठरलं नसेल, तर प्रत्येक मालक तिसऱ्याला एकाधिकार नसलेला परवाना देऊ शकतो. त्याआधी बाकीच्यांना निदान ४५ दिवस कळवायचं आणि योग्य मोबदला द्यायचा. यावर तोडगा निघतो. कंपनीला तिच्या क्षेत्रात, म्हणजे औद्योगिक सांडपाण्यात, आधी बोलणी करण्याचा हक्क. नद्या, पिण्याचं पाणी आणि संशोधन सगळ्यांना मोकळं. जर्मन वकील हे वाक्य तिथल्या तिथे लिहिते, आणि तिचं वाक्य माझ्यापेक्षा नेटकं असतं.

दुसऱ्या मुद्द्यावर मी हटत नाही. आयोगाच्या नमुन्यात, वेगळं ठरलं नसेल तर, नोटीस १५ दिवसांची आहे. निबंध प्रसिद्ध होताच तो सर्वांना मोफत खुला करावा लागतो, कारण पैसा लोकांचा आहे. पुण्याची ती मुलगी प्रबंध लिहिते आहे. नव्वद दिवस म्हणजे तिच्या प्रत्येक निबंधामागे तीन महिने, आणि तिची शिष्यवृत्ती काही त्याच्यासाठी थांबणार नाही. पेटंटचा अर्ज करायला वेळ हवा, ही कंपनीची गरज खरी आहे. तिला तीस दिवस पुरतात. शेवटी तीसवर ठरतं, आणि प्रबंधाच्या परीक्षणाला हे लागू नाही असं स्वतंत्र वाक्य येतं.

१.००

डबा. पोळीभाजी खाता खाता आमच्याच विद्यापीठाचे संशोधक विचारतात, आधी अनुदान-करार उरकून टाकू, आपसातला करार सावकाश करू, चालेल का?

घाई समजते. अर्ज बंद झाल्यापासून पाच महिन्यांत निकाल आणि पुढच्या तीन महिन्यांत सही, असा आयोगाचा आठ महिन्यांचा हिशेब. त्यातले सहा-सात आठवडेच उरलेत. पण सही झाली, पहिला हप्ता आला, माणसं नेमली गेली, की ज्याला तडजोड करायची नाही त्याच्यावर कसलाच दबाव उरत नाही. आपसातला करार लोंबकळत ठेवून काम सुरू केलेले प्रकल्प मी पाहिले आहेत. त्यात भरडला जातो तो नेहमी सगळ्यांत लहान भागीदार. मी नाही म्हणते, आणि हे नाही लेखी देते.

२.१५

दुपार जबाबदारीच्या कलमाची. अनुदानाच्या बाबतीत आयोगाचा नियम उदार आहे. कामाची तांत्रिक जबाबदारी सगळ्यांची मिळून, एकाने सोडलं तर बाकीच्यांनी ते पुरं करायचं. पैशाची जबाबदारी मात्र ज्याची त्याची. कुणी बुडालंच तर परस्पर विमा-निधी असतो, त्यासाठी अनुदानातून साधारण पाच टक्के आधीच बाजूला काढतात आणि शेवटी परत करतात.

आपसातलं नुकसान हा निराळा विषय. नमुन्यात प्रत्येकाच्या भरपाईची कमाल मर्यादा म्हणजे प्रकल्पाच्या खर्चातला त्याचा हिस्सा. पुण्यापुढे युरोपीय अंदाजपत्रकात शून्य आहे. मग मर्यादा शून्य, की मर्यादाच नाही? दोन्ही अर्थ कुणीतरी काढू शकतं. मी शून्यावर विसंबत नाही, आकडा लिहून मागते. पुण्याच्या कुलसचिवांना तो जितका लहान तितका बरा, कंपनीला तितका मोठा. आज जुळत नाही.

३.४५

कुलसचिव कार्यालयातून पत्र: ‘कराराला भारतीय कायदा लागू असावा, न्यायकक्षा पुणे असावी.’ तिकडे संध्याकाळचे सव्वाआठ झालेत, तरी साहेब फोनवर येतात.

अनुदान-कराराला युरोपीय कायदा आणि त्याला पूरक बेल्जियमचा कायदा लागतो. कन्सॉर्शियम करार त्याच्यावर उभा असल्याने इथेही बेल्जियमचा कायदा धरतात. पाच भागीदारांच्या पाच देशांचे कायदे एका करारात बसत नाहीत. साहेबांचा आक्षेप मला पोकळ वाटत नाही. ब्रुसेल्सच्या न्यायालयात लढायला पुण्याची संस्था कुठून पैसे आणणार? म्हणून वादाचं कलम बदलायचं. आधी मध्यस्थी, मग लवाद, सुनावणी दूरदृश्य पद्धतीने आणि एकच लवाद. भारत न्यूयॉर्क करारात १९६० पासून आहे, त्यामुळे लवादाचा निवाडा भारतात १९९६ च्या कायद्याने अमलात आणता येतो. बेल्जियमच्या न्यायालयाचा हुकूमनामा तसा थेट अमलात येत नाही. पुण्याला आपला हक्क बजावायचा असेल तेव्हाही लवादच सोयीचा.

"हे टिपणात लिहून द्या, बाई. समितीपुढे ठेवतो," साहेब म्हणतात.

लिहून देते. एका पानात, मराठीत, कारण समितीत सगळेच वकील नाहीत.

५.००

ब्रुसेल्सच्या घड्याळाने संध्याकाळचे पाच ही अर्जाची मुदत. शेजारच्या टेबलावरचा वेगळा प्रस्ताव आज बंद होतो. तो पावणेपाचला गेला, पावतीही आली. एक मिनिट उशीर झाला तर पोर्टल काही ऐकून घेत नाही.

५.३०

आता पाण्याच्या प्रकल्पाचा दिवसभरातला हिशेब सगळ्यांना पाठवते. परिशिष्ट एक, पुण्याच्या तीन नोंदींसह, नक्की. शोधनिबंधाची नोटीस तीस दिवस. औद्योगिक सांडपाण्याचं वाक्य जर्मन वकिलांच्या शब्दांत. वादाचं कलम समितीच्या होकारावर अवलंबून. भरपाईचा आकडा उघडा आहे; कंपनीने दोन लाख युरो म्हटलं, पुण्याने पंचवीस हजार. मी सुचवलं आहे की पुण्याच्या स्वतःच्या खर्चाचा अंदाज मागवू आणि त्यावरच मर्यादा बांधू, म्हणजे बाकीच्यांना जे मोजमाप लागतं तेच पुण्यालाही लागेल. सरांनी तो अंदाज गुरुवारपर्यंत पाठवायचा आहे, सोबत कोडच्या लायब्ररीचा परवाना. विद्यार्थिनीला प्रत ठेवली आहे, कारण तो परवाना तिच्याकडूनच येणार.