हवेचे माप आणि हवेचे वजन

हवा फुकट मिळते, म्हणून तिचा हिशेब कोणी ठेवीत नाही. आम्हां धान्याच्या व्यापाऱ्यांस मात्र तिची किंमत पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. वखारीत वारा खेळता राहिला नाही तर थप्पीच्या पोटात ऊब धरते, ज्वारीस कीड लागते आणि शेवटी तोट्याचा आकडा आपल्याच वहीत पडतो. मोटारीच्या इंजिनासही हवेच्या बाबतीत असाच काटेकोर व्यवहार करावा लागतो. तो आम्हांस एका धावत्या मोटारीच्या निमित्ताने जवळून पाहावयास मिळाला. आपल्या सभासदांपैकी बहुतेकांच्या दारी निदान एक टेम्पो किंवा ट्रक उभा असतो आणि अनेकांची मुले मोटारींची शौकीन असतात. सबब हा विषय या अंकात अस्थानी ठरणार नाही अशी आशा आहे.

सन २०२३ च्या उन्हाळ्यात आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टर येथे आमच्या धाकट्या बंधूंच्या चिरंजिवांकडे दोन महिने राहिलो. त्यांच्याकडे टोयोटा कंपनीची एम.आर. २ ही दोन आसनांची जुनी मोटार आहे. या नावाची पहिली गाडी १९८४ मध्ये निघाली. चिरंजिवांची गाडी तिसऱ्या पिढीतील असून ती १९९९ पासून २००७ पर्यंत तयार होत असे. तिचे इंजिन चार सिलिंडरांचे आणि १,७९४ घन सेंटिमीटर क्षमतेचे असते. विशेष हा, की ते इंजिन पुढे बॉनेटखाली नसून बसणाऱ्याच्या पाठीमागे, मागच्या चाकांच्या किंचित पुढे बसविलेले असते.

अशी मांडणी करण्यामागे शर्यतींचा अनुभव आहे. सर्वांत जड वस्तू गाडीच्या मध्याजवळ असली म्हणजे गाडी वळणावर चपळतेने वळते. बैलगाडीत पोती भरणारा गडीही भार धुरेवर किंवा मागे न टाकता आसाजवळ टाकतो, तत्त्व तेच. १९५८ मध्ये स्टर्लिंग मॉस यांनी अर्जेंटिनाची शर्यत कूपर बनावटीच्या अशा गाडीतून जिंकली आणि १९५९ मध्ये जॅक ब्रॅबम हे कूपर गाडीतूनच जगज्जेते झाले. पुढे १९६६ मध्ये लाम्बोर्गिनी कंपनीची मिउरा आली आणि शर्यतीतील ही रीत रस्त्यावरच्या श्रीमंत गाड्यांतही रुजली.

परंतु प्रत्येक सोयीस तिची किंमत असते. पुढे इंजिन असलेल्या गाडीस समोरचा वारा सहज मिळतो. पाठीमागच्या इंजिनाची खोली बंदिस्त असते. धुराच्या नळीची उष्णता तेथेच कोंडते आणि गाडी सिग्नलला उभी राहिली की ती खोली भट्टीसारखी तापते. म्हणून अशा गाड्यांस दारांच्या मागे, दोन्ही कुशींस, वारा आत घेणारी तोंडे ठेवलेली असतात.

आता मुख्य मुद्दा. आमच्या पेठेत पूर्वी धान्य पायलीने, म्हणजे मापाने, दिले-घेतले जाई. पुढे वजनाचा व्यवहार रूढ झाला. माप भरले तरी वजन भरेलच असे नाही, हे मुरलेल्या व्यापाऱ्यास सांगावयास नको. इंजिनाची गंमत अशी, की ते हवा मापाने घेते, पण पेट्रोल जाळण्यास ती वजनाने उपयोगी पडते. एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. एम.आर. २ चे इंजिन मिनिटास ६,००० फेरे घेत असेल आणि सिलिंडर पूर्ण भरत असतील, तर ते मिनिटास सुमारे ५,४०० लिटर हवा ओढते. २५ अंश तापमानाच्या हवेचे हे वजन साधारण ६.४ किलो होते. ताशी धरले तर पावणेचार क्विंटलांहून अधिक! तीच हवा ५० अंशांपर्यंत तापलेली असली तर माप तेवढेच भरते, पण वजन ५.९ किलोच्या आसपास येते. म्हणजे शंभर किलोंमागे सुमारे आठ किलो घट. इंजिनाची शक्ती तंतोतंत तेवढीच घटते असे नव्हे, कारण थंड हवाही पुढे वाटेत काहीशी तापतेच. पण दिशा हीच. शिवाय तापलेल्या हवेने इंजिनात ठोके पडू लागण्याचा धोका वाढतो आणि तो टाळण्यासाठी गाडीचा संगणक ठिणगी उशिरा पाडतो. त्यानेही जोर कमी होतो.

हे सर्व चिरंजिवांस ठाऊक होते. म्हणूनच त्यांनी आम्ही जाण्यापूर्वी एका विक्रेत्याकडून चकचकीत नळी आणि शंकूच्या आकाराची उघडी गाळणी बरीच रक्कम मोजून आणली होती आणि मूळची काळी पेटी काढून ती बसविली होती. जाहिरातीत ‘थंड हवा’ आणि ‘वाढीव शक्ती’ असे शब्द ठळक होते. आवाज खरोखरच मर्दानी झाला होता आणि चिरंजीव खूष होते. आम्ही एवढेच विचारले, “बाळ, माल आणलास तो तोलून घेतलास का?”

ते थोडे हिरमुसले, पण दुसऱ्याच दिवशी एक लहानसे यंत्र गाडीच्या तपासणीच्या खाचेत जोडून बसले. आत जाणाऱ्या हवेचे तापमान त्यावर आकड्यांत दिसते. तेव्हा उघड झाले की ती उघडी गाळणी इंजिनाच्या तापल्या खोलीतलीच हवा ओढीत होती. गाडी सिग्नलला थांबली की आकडा भराभर चढे आणि पुन्हा वेग घेतल्यावरही बराच वेळ खाली येत नसे. मूळची पेटी परत बसवून पाहिली, तर चालत्या गाडीत आकडा बाहेरच्या हवेहून थोडाच अधिक राहिला. ज्या पेटीस जुनाट म्हणून काढले, ती बाहेरची हवा घेत होती. आणि जीस थंड हवेची म्हणून पैसे दिले, ती गरम हवा घेत होती. “काका, आवाजाला भुललो,” एवढेच ते म्हणाले.

यानंतर त्यांनी स्वतःच्या हाताने पेटी घडविण्याचे ठरविले. त्यात दोन शनिवार-रविवार गेले आणि आम्ही शेजारी स्टूल टाकून बसलो होतो. प्रथम बॅटरीची तार सोडली. मग पुठ्ठा कापून, मोकळ्या जागेत बसवून, पुन्हा कापून नमुना केला. शिंपी बेतास बेत लावतो तसे. त्या नमुन्याबरहुकूम पातळ अल्युमिनियमच्या पत्र्याची बंद पेटी केली, आत गाळणी ठेवली आणि पेटीचे तोंड कुशीच्या वाऱ्याच्या तोंडाशी रुंद नळीने जोडले. पत्रा उष्णता चटकन घेतो, म्हणून इंजिनाकडील बाजूस उष्णतारोधक अस्तर लावले. कडांस स्पंजाची रबरी पट्टी दिली, की जेणेकरून तापल्या खोलीतील हवा फटीतून शिरू नये. नळीस वळणे जितकी कमी तितका वाऱ्यास अडथळा कमी, म्हणून एकच मोठे वळण ठेवले. इंजिन रबरी आधारांवर डुलत असते, सबब सांधा लवचिक सिलिकॉन नळीचा केला; ताठ नळी असती तर काही दिवसांत तडकली असती.

या कामात आम्हांस सर्वांत मनोवेधक वाटला तो हवेचा तोलार. नळीत एक बारीक तार विजेने तापलेली ठेवतात. जितकी अधिक हवा तिच्यावरून जाते तितकी ती अधिक निवते, आणि तिला पुन्हा तापविण्यास किती वीज लागली यावरून संगणक हवेचे वजन जाणतो. त्याच हिशेबाने तो पेट्रोल सोडतो. ही तार मूळच्याच व्यासाच्या नळीत असावयास हवी. हौसेने नळी रुंद केली तर तेवढीच हवा तारेवरून संथपणे जाते, तोलार वजन कमी सांगतो आणि पेट्रोल कमी पडते. संगणक काही मर्यादेपर्यंत दुरुस्ती करतो. पण पूर्ण जोरावर गाडी हाकताना ती दुरुस्ती पुरी पडेलच असे नाही, आणि पेट्रोल कमी पडलेले इंजिन जास्त तापते. तारेच्या पुढे नळीत बारीक चीर राहिली तरी तोच घोटाळा. ते काट्यावर न चढता वखारीत गेलेले पोते होय. तेलात भिजविलेली कापडी गाळणी वापरली आणि तेल जास्त झाले तर तेही तारेवर बसून वजन चुकविते. चिरंजिवांनी म्हणून कोरडी गाळणी घेतली.

दुसरी काळजी पाण्याची. इंग्लंडात पाऊस विचारून येत नाही. गाळणी खाली, चाकाजवळ आणली तर हवा थंड मिळते हे खरे, पण साचलेल्या पाण्यातून जाताना तीच गाळणी पाणी ओढू शकते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरात पाणी शिरले तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन कामातून जाते. म्हणून पेटी उंच ठेवली आणि तिच्या तळाशी पाणी निथळण्यास एक छिद्र पाडले.

सर्व बसल्यावर त्याच रस्त्यावर, त्याच संध्याकाळच्या वेळी, बाहेरचे तापमान लिहून तीन वेळा तपासणी झाली. निकाल जसा आहे तसा सांगतो. उघड्या गाळणीपेक्षा नवी पेटी निःसंशय सरस ठरली. उभ्या गाडीत तापमान हिच्यातही चढे, पण गाडी चालू लागताच लवकर उतरे. मूळच्या पेटीशी तुलना केली तर मात्र चालत्या गाडीत अंतर थोडके होते. कारखानदाराच्या इंजिनियरांनी आपले काम नीट केलेले असते, त्यावर कडी करणे सोपे नाही, हे चिरंजिवांनी मोकळ्या मनाने मान्य केले. त्यांस हाती घडविल्याचे समाधान मिळाले, थोडा भारदस्त आवाज मिळाला, आणि तेवढे त्यांस पुरले.

दोन गोष्टी मात्र आम्ही आग्रहाने करवून घेतल्या. पहिली, विमा कंपनीस बदल लेखी कळविणे. तेथे असा बदल लपविला तर अपघाताच्या वेळी दावा नाकारला जाऊ शकतो. कंपनीने नोंद घेऊन हप्ता थोडा वाढविला. तो खुशीने भरला. दुसरी, ती चकचकीत गाळणी विकण्याविषयी. चिरंजीव जुन्या जाहिरातीतलेच शब्द लिहून ती विकणार होते. आम्ही म्हणालो, “तुला जो आकडा दिसला तो घेणाऱ्यालाही दाखव, मग तो देईल ती किंमत घे.” त्यांनी तापमानाचे आकडे लिहून ती विकावयास काढली. एका गृहस्थाने केवळ आवाजासाठी ती निम्म्याहून कमी दामात नेली. तोटा झाला, पण ज्या शब्दाने आपण फसलो तोच शब्द दुसऱ्यास विकला नाही.

आपल्याकडील सभासद बंधूंनी यातून काय घ्यावे? हौशी मुलांनी हे ध्यानी ठेवावे, की आपल्या देशात १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ कारखानदाराने ठरविलेल्या तपशिलाहून वेगळा होणारा फेरफार वाहनात करण्यास मनाई करते, आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये या कलमाचा कडक अर्थ लावला आहे. तेव्हा गाडीस हात लावण्यापूर्वी परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीत विचारणा करावी. मालट्रकांच्या मालकांनी तर नवे काही बसविण्यापूर्वी असलेलेच तपासावे. ट्रकची हवेची नळी पुष्कळदा केबिनमागे उंच नेलेली असते, ती धूळ, पाणी आणि उष्णता यांपासून दूर राहण्यासाठीच. तिचा रबरी सांधा तडकला तर मार्केट यार्डातील सारी धूळ गाळणी चुकवून इंजिनात जाते आणि सिलिंडर घासतात. गाळणी वेळेवर बदलणे आणि तो सांधा महिन्यातून एकदा हाताने चाचपणे, यास फारसा खर्च नाही.

माल धान्याचा असो वा हवेचा, विकणारा माप दाखवितो. घेणाऱ्याने वजन पाहावे.