माळावरचा चकवा आणि थांबलेल्या चित्रातला वेग

टेबलाभोवती बसून, फासे टाकत आणि मिळून गोष्ट रचत खेळल्या जाणाऱ्या रोल-प्लेइंग गेममध्ये भुताखेतांचा वेग दोन ठिकाणी नोंदलेला असतो: नियमांतल्या आकड्यात आणि पुस्तकातल्या चित्रात. आकडा आपले काम चोख करतो. चित्र बहुतेक वेळा कमी पडते. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या 1974 साली आलेल्या आणि या साऱ्या प्रकाराचा पाया घालणाऱ्या खेळात ‘फे’ नावाचा एक वर्ग आहे. परीलोकातले, मायावी, लहरी जीव या वर्गात येतात. त्यातला सर्वांत चपळ म्हणजे क्विकलिंग. 1983 च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल 2’मध्ये तो होता, आणि 2016 च्या ‘व्होलोज गाइड टू मॉन्स्टर्स’मध्ये तो नव्या नियमांसह पुन्हा आला. त्याची कथा सुंदर आहे. परीलोकाच्या राणीचा अनादर केला म्हणून मिळालेल्या शापाने त्याचे आयुष्य इतके वेगवान झाले की उरलेले जग त्याला जवळजवळ थिजलेले दिसते, आणि पंधरा वर्षांपलीकडे तो जगत नाही. चित्रात मात्र टोकदार कानांचा, किडकिडीत, हाती खंजीर घेतलेला एक बुटका माणूस दिसतो. वेग कथेत आहे, आकड्यात आहे. शरीरात तो सापडत नाही.

आकड्याचाही हिशेब करून पाहावा. क्विकलिंगचा वेग एका फेरीला 120 फूट, आणि फेरी सहा सेकंदांची. म्हणजे ताशी सुमारे 22 किलोमीटर. हल्ला सोडून नुसताच धावला तर अंतर दुप्पट, म्हणजे ताशी सुमारे 44 किलोमीटर. 2009 साली बर्लिनमध्ये शंभर मीटरचा विक्रम करताना उसेन बोल्टने गाठलेला सर्वोच्च वेग साधारण एवढाच होता. आपल्याकडचे काळवीट मात्र ताशी 80 किलोमीटरपर्यंत धावते असे मानले जाते. परीलोकातला सर्वांत शीघ्र जीव रेहेकुरी अभयारण्यातल्या काळविटाच्या निम्म्याहून थोड्याच अधिक वेगाने पळतो. तरीही शेजारी शेजारी उभे केले तर काळवीट पाहताच कुणीही म्हणेल की हे पळणार. क्विकलिंगबद्दल ते पुस्तकातला मजकूर वाचून कळते. माझे म्हणणे या फरकावर उभे आहे. खेळातल्या चपळ मायावी जीवाचा वेग तो स्थिर उभा असतानाच दिसला पाहिजे, आणि मराठी कलावंताला तो कसा दाखवायचा हे शिकण्यासाठी बारामती-इंदापूरच्या माळरानासारखी दुसरी शाळा नाही.

यावर चित्रकाराचे पहिले उत्तर ठरलेले असते: मागे रेषा ओढा, कडा पुसट करा, पाय हवेत फाका. यामागे जुना इतिहास आहे. युरोपातल्या शर्यतींच्या चित्रांत घोडे पुढचे पाय पुढे आणि मागचे पाय मागे ताणून जमिनीवरून तरंगत जात. 1878 साली एडवर्ड मायब्रिजने कॅलिफोर्नियात ओळीने कॅमेरे लावून धावत्या घोड्याची छायाचित्रे काढली, तेव्हा दिसले की चारही पाय हवेत असतात ते पोटाखाली गोळा झालेले असताना. म्हणजे चित्रकारांनी पिढ्यान्पिढ्या वेगाचे एक खोटे चिन्ह वापरले होते. ते चिन्ह वाचता येत होते, हे खरे. पण खेळातल्या जीवाची गरज निराळी आहे. त्याचे चित्र किंवा टेबलावरची छोटी मूर्ती तासभर खेळाडूंच्या डोळ्यांसमोर राहते. मूर्तीला पुसट कडा देता येत नाहीत, आणि फाकलेले पाय काही मिनिटांत नुसती एक पोझ होऊन बसतात. शिवाय पुसट केले की शरीरच नाहीसे होते, आणि भीती वाटायला तर शरीर हवे.

आता माळाकडे वळू. नीरा डाव्या कालव्याचे पाणी जिथपर्यंत पोचते तिथपर्यंत ऊस, आणि त्यापलीकडे पर्जन्यछायेतला उघडा, मुरमाड, गवताळ माळ, असा हा मुलूख आहे. बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. क्षेत्र अवघे पाच चौरस किलोमीटरच्या आसपास, आणि ते राखले आहे चिंकाऱ्यासाठी. इंदापूर तालुक्यातले कडबनवाडी आणि बारामतीतले शिर्सुफळ इथल्या गवताळ पट्ट्यांत चिंकारे आहेत, लांडगे आहेत, कोल्हे-खोकड आहेत, आणि थोडे पळून थबकणारा, पुन्हा पळणारा धाविक पक्षीही आहे. झाडी विरळ: बोर, बाभूळ, हिवर, तरवड. लपायला जागा नसल्यामुळे इथे ज्याचे त्याचे शरीर पळण्याने किंवा पाठलागाने घडले आहे.

चिंकारा खांद्यापाशी जेमतेम 65 सेंटिमीटर उंच, वजन वीस-बावीस किलोंच्या आसपास. एवढेसे जनावर जागीच उभे असताना चपळ का वाटते? कारण पायाचे सारे मांस वर, कुल्ह्याशी आणि खांद्याशी गोळा झालेले आहे. खाली उरतात लांब हाडे, स्नायूबंध आणि खूर. टोकाला वजन जितके कमी, तितका पाय झपाट्याने पुढे-मागे फिरतो. त्यात चिंकारा बोटांच्या टोकांवर, खरे तर नखांवर उभा असतो, त्यामुळे पायाची लांबी वाढते. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, बाहुली आडवी, म्हणजे जवळपास सगळे क्षितिज नजरेत. लांडग्याचे गणित वेगळे आहे: छाती खोल पण अरुंद, पंजे मोठे, नजर समोर, चाल न थकणारी. दोघांचा वेग दोन जातींचा, आणि चित्रकाराने आधी निवड करायची आहे ती इथे. आपला जीव निसटणारा आहे की दमवणारा? क्विकलिंगच्या चित्रात हा प्रश्न विचारलेलाच दिसत नाही. माणसाचा पाय तसाच ठेवून त्याला फक्त बारीक केले आहे. माणसाची पोटरी भरलेली असते, म्हणून बारीक केलेला माणूस अशक्त दिसतो, वेगवान दिसत नाही.

इथे आपल्या लोककथांचा एक तपशील विलक्षण उपयोगी पडतो. हडळीची पावले उलटी असतात, हे मराठी घरात लहान मुलालाही ठाऊक असते. हरणाच्या मागच्या पायात जो उलट वाकलेला गुडघा वाटतो, तो गुडघा नसून टाच असते; खरा गुडघा वर पोटाशी दडलेला. माणसाच्या धडाला चिंकाऱ्याचा पाय जोडला की पाहणाऱ्याला पहिल्या नजरेत पाय उलटे वाटतात. म्हणजे भीतीची जुनी खूण आणि वेगाची शारीरिक खूण एकाच सांध्यावर येऊन भेटतात. युरोपीय चित्रांतल्या बोकडपायी सॅटरची नक्कल करायची गरज उरत नाही. आपल्याच भुताला हाडांचा आधार मिळतो.

कोणत्या भुताला हा देह द्यावा? माझी निवड चकवा. रात्री शेतात-माळावर तो माणसाला गाठतो आणि पहाटेपर्यंत त्याच त्या जागेभोवती फिरवत ठेवतो. तो मारत नाही, दिशा हिरावून घेतो. त्याचे ठरीव रूप लोककथेत नाही, त्यामुळे कलावंताला मोकळीक आहे. आणि पुढे पुढे नेत भुलवणाऱ्या वेगाची आपली थोर कथा मारीचाची आहे: जवळ दिसणारा, क्षणात दूर गेलेला, झाडीत हरवून पुन्हा प्रकटणारा मृग. ज्यांच्या नावावर 108 रामायणे सांगितली जातात ते कवी मोरोपंत बारामतीचेच. अठराव्या शतकात रामकथा या गावात वृत्तामागून वृत्तात रचली गेली. वेग म्हणजे अंगावर तुटून पडणे ही कल्पना पाश्चात्त्य खेळांत रुजलेली आहे. क्विकलिंगही एका फेरीत खंजिराचे तीन वार करतो. मारीच आणि चकवा यांचा वेग अंतर राखण्याचा आहे, आणि तो चिंकाऱ्याच्या देहातच शोभतो.

मग रूप असे घडते. उंची सात-आठ वर्षांच्या मुलाएवढी, म्हणजे माळाच्या गवतात अर्धे अंग बुडेल इतकी. पाठ पावसाळ्यानंतरच्या वाळत्या गवताच्या रंगाची, पोट फिकट. वरून ऊन आणि खालून सावली असताना अशा रंगसंगतीने शरीराचा उठाव मोडतो, हे अमेरिकन चित्रकार अॅबट थेअर याने 1890 च्या दशकातच मांडले होते. वस्त्र नको. त्याऐवजी नडग्यांवर गवताच्या उंचीपर्यंत रुतलेली कुसळे, सगळी एकाच दिशेला झुकलेली. पाहणाऱ्याला धावण्याची दिशा त्यांतून आपोआप कळेल. डोळे बाजूला, बाहुल्या आडव्या. अशी नजर माणसाच्या चेहऱ्यात बसवली की तो आपल्याकडे पाहतो आहे की नाही हे ठरवता येत नाही, आणि चकव्याला हेच हवे. पंख अजिबात नकोत. युरोपातल्या परीला फुलपाखराचे पंख अठराव्या शतकाच्या अखेरीस चित्रकारांनी दिले. ज्याला पंख आहेत त्याच्या पायांकडे कुणी पाहत नाही.

पहिला आक्षेप असा की मायावी जीवाला हाडामांसाचे नियम कशाला? तो मंत्राने पळतो. मान्य, पण पाहणारा मंत्राने पाहत नाही. त्याचा डोळा आयुष्यभर पाहिलेल्या जनावरांवरून अंदाज बांधतो, आणि अद्भुत वाटायला आधी तो अंदाज जुळावा लागतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: लोकांच्या श्रद्धेतल्या शक्ती खेळात मारायला का आणायच्या? इथे मी रेघ ओढतो. साती आसरा विहिरी-ओढ्यांवर पुजल्या जातात, त्यांना नैवेद्य असतो. त्यांना गुण आणि हल्ल्यांच्या तक्त्यात बसवू नये. चकव्याला कुणी पूजत नाही.

तिसरा आक्षेप माळाच्या बाजूने येतो. शेळ्या-मेंढ्यांमुळे लांडग्यावर आधीच राग आहे, त्यात त्याच्या देहाची भुते काढली तर? लांडगा, चिंकारा आणि काळवीट तिघेही 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि माळाला पडीक जमीन समजण्याची सवय अजून गेलेली नाही. म्हणूनच मी चकव्याला लांडग्याचा जबडा देत नाही. देह चिंकाऱ्याचा, आणि नियमही तसाच असावा: चकवा स्वतःहून वार करत नाही; खेळाडूंचा जो गट गवत पेटवतो किंवा झुडपे तोडून वाट काढतो, त्याला तो दुप्पट वेळ फिरवतो, आणि जो एका जागी बसून उजाडण्याची वाट पाहतो, त्याच्यावर त्याची माया चालत नाही. वेगाचा आकडाही बदलावा. काळविटाचा वेग धरला तर सहा सेकंदांत साधारण 435 फूट होतात. धावतानाचा आकडा तेवढा द्यावा, म्हणजे त्याला गाठायचा प्रयत्न निष्फळ आहे हे खेळाडूंना पहिल्याच फेरीत कळेल.